कानाची साक्ष आणि हौशी प्रयोगशाळा

मुद्रित केलेला आवाज यंत्राच्या साहाय्याने पुन्हा ऐकवण्याचे जे शास्त्र आहे, त्याला एक अडचण जन्मापासून चिकटलेली आहे. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती, स्पीकरचा प्रतिसाद, ध्वनिफितीवरचा गोंगाट या गोष्टी उपकरणांनी मोजता येतात आणि त्या मोजमापांबद्दल फारसा वाद होत नाही. पण मोजलेला फरक माणसाला ऐकू येतो की नाही, आणि आला तर तो त्याला रुचतो की खटकतो, याचा निकाल शेवटी कानाकडेच मागावा लागतो. कान हे साधन विलक्षण सूक्ष्म आहे आणि तितकेच बेभरवशाचेही आहे, कारण त्याच्यामागे बसलेले मन डोळ्यांनी पाहिलेले, किमतीच्या चिठ्ठीवर वाचलेले आणि मित्राकडून ऐकलेले असे सगळे काही आवाजात मिसळून टाकते. म्हणूनच एखाद्या हौशी श्रोत्याने घरच्या खोलीत दोन अ‍ॅम्प्लिफायर किंवा दोन केबली आलटूनपालटून ऐकून काढलेल्या निष्कर्षाला विज्ञानात स्थान द्यावे की नाही, हा प्रश्न या क्षेत्रात पुन्हा पुन्हा उपस्थित होतो आणि प्रत्येक वेळी तो त्याच दोन टोकांना जाऊन थांबतो. एका टोकाला विद्यापीठीय ध्वनिशास्त्रज्ञ असतात, जे अशा प्रयोगाला छंद म्हणून बाजूला सारतात. दुसऱ्या टोकाला रसिक असतो, जो स्वतःच्या कानाने ऐकले यापलीकडे पुरावा मागणे हाच अपमान मानतो.

दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. प्रयोग कोणी केला, त्याच्या नावापुढे पदवी होती की नाही आणि खोली प्रयोगशाळेची होती की दिवाणखान्याची, याकडे दोघेही पाहतात. प्रयोगाच्या मांडणीत कानाला हरण्याची मुभा होती का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर विज्ञान आणि विज्ञानाचा आभास यांच्यातली रेघ व्यावसायिक आणि हौशी यांच्यामधून गेलेली दिसत नाही.

सर्वांत गाजलेल्या श्रवणप्रयोगांपैकी एक हौशी नव्हताच. थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ ते १९२५ या काळात अमेरिकेतल्या शहरोशहरी आपल्या 'डायमंड डिस्क' या फोनोग्राफचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका उभी राहून गाऊ लागे, मध्येच ती ओठ मिटून घेई आणि गाणे यंत्रातून चालू राही. काही वेळा सभागृहातले दिवे मालवले जात आणि ते पुन्हा लागल्यावर गायिका केव्हाच निघून गेल्याचे श्रोत्यांना कळे. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १९१६ साली मारी रॅपोल्ड या गायिकेसह झालेल्या कार्यक्रमाला अडीच हजारांच्या आसपास लोक होते. मूळ आवाज आणि यंत्राचा आवाज यांत कोणालाही फरक कळला नाही, असा डंका कंपनीने पिटला. आजच्या कानाला त्या तबकड्या अरुंद, बंदिस्त आणि खरखरीत वाटतात, मग तेव्हाच्या हजारो श्रोत्यांना फरक कसा कळला नाही? कारण गायिका आपला आवाज यंत्राच्या बेताने ठेवत होत्या, आणि या प्रयोगांत वर्षानुवर्षे गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे तसे सांगितलेही. गाण्यांची निवड कंपनीची, श्रोत्यांकडून उत्तरे लिहून घेण्याची पद्धत नाही, चुकलेल्या उत्तरांची मोजदाद नाही. भांडवल होते, सभागृह होते, जगातला सर्वांत प्रसिद्ध संशोधक पाठीशी होता (त्याला स्वतःला नीट ऐकू येत नसे, ही त्यातली आणखी एक गंमत), आणि तरीही ती जाहिरातच होती.

कान कोणत्या वाटांनी फसतो हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. पहिली वाट आवाजाच्या पातळीची. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर तो फरक श्रोत्याला 'मोठा' म्हणून जाणवत नाही, तो 'अधिक स्पष्ट', 'अधिक भरीव' किंवा 'अधिक जिवंत' म्हणून जाणवतो. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या समतीव्रतेच्या वक्ररेषांनी दाखवून दिले होते की आवाजाची पातळी बदलली की खर्जाचे स्वर कानाला वेगळ्याच प्रमाणात ऐकू येतात, म्हणजे नुसते बटण फिरवल्याने आवाजाचा पोतही बदलल्यासारखा भासतो. त्यामुळे काटेकोर तुलनेत दोन्ही यंत्रांची पातळी एक दशांश डेसिबलच्या आत जुळवून घ्यावी, असा दंडक रूढ झाला; डेसिबल हे ध्वनीच्या तीव्रतेतील गुणोत्तर सांगणारे एकक असून त्याचा एक दशांश भाग कानाला सहसा कळत नाही. घरगुती प्रयोगांपैकी बहुसंख्य प्रयोग या पहिल्याच पायरीवर बाद होतात, कारण पातळी कानाच्या अंदाजाने जुळवली जाते आणि त्यासाठी व्होल्टमापक लावण्याचे कष्ट घेतले जात नाहीत.

दुसरी वाट स्मृतीची आहे. आवाजाचा बारीक तपशील मनात काही सेकंदच टिकतो, त्यामुळे एक केबल काढून दुसरी जोडायला पाच मिनिटे लागली की तुलना दोन आवाजांची राहत नाही. एका बाजूला कानावर पडणारा आवाज असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याआधीच्या आवाजाबद्दल मनाशी बांधलेले मत. तिसरी वाट डोळ्यांची, आणि ती सर्वांत रुंद. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली हार्मन या कंपनीतल्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले: मोठ्या आणि देखण्या पेट्यांचे वाढले, लहान आणि स्वस्त संचाचे घसरले. स्पीकर खोलीत कुठे ठेवला आहे यामुळे आवाजात पडणारा खराखुरा फरक पडद्याआड लोकांना कळत होता, तोही डोळे उघडे असताना कळेनासा झाला. हे श्रोते ध्वनियंत्रांच्या कारखान्यात काम करणारे होते, ही बाब इथे महत्त्वाची आहे; जाणकारीमुळे माणूस या मोहापासून सुटत नाही.

यावरचा उपाय शिक्षणखात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव न घालता फक्त आसनक्रमांक घालतात, तसेच श्रोत्याला कोणते यंत्र वाजत आहे ते कळू द्यायचे नाही. आणि चाचणी घेणाऱ्यालाही ते ठाऊक नसेल, तर तिला दुहेरी अंध चाचणी म्हणतात, कारण चाचणी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून किंवा हाताच्या हालचालीवरूनही उत्तर फुटू शकते. बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि मार्क गार्डनर यांनी १९५० साली अशा तुलनेची जी पद्धत मांडली, ती पुढे एबीएक्स या नावाने रूढ झाली. तिच्यात श्रोत्याला 'ए' आणि 'बी' हे दोन ज्ञात आवाज ऐकवले जातात आणि मग 'एक्स' हा त्या दोहोंपैकी कोणता, एवढेच ओळखायला सांगितले जाते. आवडनिवड विचारली जात नाही, विशेषणे मागितली जात नाहीत; उत्तर बरोबर असते किंवा चूक.

या पद्धतीला आजचे रूप कोणी दिले, हा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. डेट्रॉइट परिसरात ध्वनियंत्रांच्या शौकिनांचे एक मंडळ होते आणि त्याचे लांबलचक, मुद्दाम थट्टेखोर ठेवलेले नाव 'साउथईस्टर्न मिशिगन वूफर अँड ट्वीटर मार्चिंग सोसायटी' असे होते. या मंडळातील अर्नी क्रूगर आणि बर्न म्युलर यांनी १९७७ साली एक पेटी बनवली. श्रोता बटण दाबून हवे तेव्हा 'ए', 'बी' किंवा 'एक्स' ऐकू शके, आवाज क्षणात बदले आणि 'एक्स' कोणता हे पेटीच यदृच्छेने ठरवून सगळ्या फेऱ्या होईपर्यंत गुप्त ठेवी. त्याच मंडळातील डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या पेटीची आणि पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली. बेल प्रयोगशाळेच्या मूळ पद्धतीत आवाज ठरावीक क्रमाने एकामागून एक ऐकावे लागत. श्रोत्याला मनाप्रमाणे मागे-पुढे जाण्याची मोकळीक या हौशी मंडळाने दिली, आणि आज संगणकावर कोणालाही फुकट मिळणारी एबीएक्स चाचणी त्यांच्याच पेटीची वंशज आहे. हौशी प्रयोग विज्ञान असू शकत नाहीत असे म्हणणाऱ्याला या एका उदाहरणाचे उत्तर द्यावे लागेल, आणि ते सोपे नाही.

मात्र योग्य पेटी हाती आली म्हणजे योग्य निष्कर्षही हाती येतो, असे नाही. हौशी चाचण्यांचे खरे दुखणे कानात कमी आणि अंकगणितात जास्त आहे. एबीएक्सच्या दहा फेऱ्यांत नुसत्या अंदाजाने आठ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता साधारण साडेपाच टक्के असते, नऊ किंवा अधिक येण्याची शक्यता एक टक्क्याच्या थोडी वर. म्हणजे दहापैकी नऊ आले तर ते नशिबाने आले असे मानणे अवघड होते, आणि हे हिशेब शालेय गणिताच्या आवाक्यातले आहेत. पण एखाद्या मंडळात २० सभासदांनी प्रत्येकी दहा फेऱ्या केल्या आणि त्यांतल्या एकालाही खरोखर काही ऐकू येत नसले, तरी किमान एकाला आठ किंवा अधिक गुण पडण्याची शक्यता ६७ टक्के असते. त्या एकाच्या गुणपत्रिकेचा बोलबाला होतो, मंडळाला तयार कानाचा माणूस सापडल्याचा आनंद होतो आणि बाकीच्या १९ गुणपत्रिका रद्दीत जातात. गुण चांगले पडले की तिथेच थांबायचे आणि वाईट पडले तर आणखी पाच फेऱ्या घ्यायच्या, ही सवयही याच जातीची. तिच्यात कोणी खोटे बोलत नाही, पण निकाल मात्र खोटा लागतो.

याच्या उलट बाजूची चूक कमी ओळखली जाते, आणि ती करणारे बहुधा स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवणारे असतात. सोळा फेऱ्यांत बारा बरोबर उत्तरे आली तरच फरक मान्य करायचा, असा नियम लावला तर नशिबाने उत्तीर्ण होण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत राहते, आणि म्हणून हा नियम कडक व चांगला वाटतो. आता असा श्रोता कल्पावा की ज्याला फरक खरोखर ऐकू येतो, पण अगदी पुसटसा, म्हणजे शंभरपैकी साठ वेळा तो बरोबर ओळखतो. असा माणूस सोळा फेऱ्यांच्या परीक्षेत किती वेळा उत्तीर्ण होईल? सहा वेळा बसला तर जेमतेम एकदा. लेस लेव्हेंथल यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात नेमका हा मुद्दा मांडला आणि दाखवून दिले की छोट्या चाचणीतले अपयश म्हणजे फरक नसल्याचा पुरावा नव्हे. 'या चाचणीत फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' या दोन विधानांमध्ये शेकडो फेऱ्यांचे अंतर असते, आणि ते अंतर एका वाक्यात ओलांडून जाणारे संशयवादी हे केबलभक्तांइतकेच सैल विचारांचे म्हणावे लागतील.

या दोन्ही चुका एका प्रसिद्ध चाचणीच्या भोवती एकत्र पाहता येतात. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट अशा अचूकतेने साठवला जातो. पुढे आलेल्या तबकड्यांत आणि फायलींत ही अचूकता कितीतरी वाढवली गेली आणि तिला 'हाय रिझोल्यूशन' म्हटले जाऊ लागले. वाढीव अचूकता ऐकू येते का, हे पाहण्यासाठी बॉस्टन ऑडिओ सोसायटी या शौकिनांच्या संस्थेतील ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी उच्च अचूकतेच्या तबकडीचा आवाज एकदा थेट आणि एकदा कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या साखळीतून गाळून ऐकवला. सुमारे वर्षभर चाललेल्या ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के, नाणेफेकीला शोभेल असा आकडा. एका श्रोत्याने एकदा दहापैकी आठ गुण मिळवले खरे, पण इतक्या फेऱ्यांत नशिबाने जे पडायचे त्याहून ते अधिक नव्हते, आणि मेयर-मोरन यांनी त्या एका गुणपत्रिकेचा झेंडा केला नाही. त्यांचा निबंध २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती: वापरलेल्या काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच पुरेशा अचूकतेचे नव्हते, तेव्हा जे गाळायचे होते ते मुळात त्यांत होते का, असा आक्षेप घेतला गेला. निबंध जाहीर होता, पद्धत लिहिलेली होती, म्हणूनच हा आक्षेप घेता आला.

पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी या प्रश्नावरच्या १८ चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून तिचे विश्लेषण केले. चारशेहून अधिक श्रोते आणि १२,५०० हून अधिक फेऱ्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांच्या बाबतीत ते यापेक्षा बरेच वर गेले. नुसत्या नशिबाने इतक्या फेऱ्यांत दोन-सव्वादोन टक्क्यांची बढत मिळणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे काही माणसांना काही परिस्थितीत फरक कळतो, एवढे मानावे लागते. गंमत अशी की बॉस्टनच्या श्रोत्यांचेही खरे प्रमाण ५२.३ टक्केच असते, तर ५५४ फेऱ्यांच्या चाचणीत ते नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीवर चारपैकी एखाद्या वेळीच दिसले असते. म्हणजे दोन्ही निकाल परस्परविरोधी नाहीत. शंभरात दोन उत्तरांचा हा फरक ग्राहकाच्या खिशासाठी नगण्य आहे आणि मानवी श्रवणाच्या अभ्यासासाठी मोलाचा आहे. वाद घालणारे बहुधा यांतली एकच गोष्ट ऐकायला तयार असतात.

एकट्या कानाच्या बाजूने बोलणारे एक उदाहरण सांगितल्याशिवाय हा आढावा न्याय्य होणार नाही. ध्वनीची माहिती आकुंचित करून कमी जागेत बसवणाऱ्या गणिती पद्धतीला कोडेक म्हणतात. स्वीडिश रेडिओने १९९० च्या सुमारास असे कोडेक पारखण्यासाठी ६० तज्ज्ञ श्रोत्यांकडून २०,००० हून अधिक निवाडे घेतले आणि कोडेक प्रसारणाला योग्य असल्याचा निष्कर्ष काढला. त्या आवाजाची फीत अमेरिकेतील ध्वनिअभियंता बार्ट लोकँथी यांनी स्वतंत्रपणे ऐकली, तेव्हा त्यांना दीड हजार हर्ट्‌झच्या आसपास एक नको असलेला सूर ऐकू आला. तो दाखवून दिल्यावर इतरांनाही ऐकू येऊ लागला. अंध चाचणीच्या विरोधकांनी हा प्रसंग अनेक वर्षे मिरवला, पण त्याचा अर्थ ते समजतात तसा नाही. लोकँथी यांनी काय ऐकायचे ते नेमके सांगितले आणि दुसऱ्याला ते पडताळता आले. दोष सांगताना त्याची जागा सांगणे आणि 'पडदा दूर झाल्यासारखे वाटते' असे म्हणणे यांत हाच फरक आहे. मोठ्या चाचण्यांनी यातून घ्यायचा धडाही आहेच: श्रोत्याला आधी दोष ओळखायला शिकवले नाही, तर हजारो निवाड्यांची रासही आंधळी राहते.

कोडेकच्याच क्षेत्रात हौशी श्रोत्यांनी केलेले काम सर्वांत भरीव आहे, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली गेली आहे. एमपी३ फायली बनवणारे 'लेम' हे मुक्त सॉफ्टवेअर १९९८ पासून घडत गेले, त्यात जगभरातल्या स्वयंसेवकांनी हेडफोन लावून, टाळ्या, कॅस्टानेट, हार्प्सिकॉर्ड अशा अवघड तुकड्यांवर एबीएक्स करून दोष शोधून दिले आणि त्यांच्या नोंदींवरून प्रोग्राम सुधारला गेला. पुढे अशा स्वयंसेवकांनी जाहीर चाचण्याही घेतल्या, ज्यांत अनेक कोडेकांच्या नमुन्यांमध्ये मूळ, न बिघडवलेला आवाजही गुपचूप मिसळलेला असे. एखाद्याने मूळ आवाजालाच बिघडलेला ठरवले, तर त्याचे ते उत्तर मोजणीतून काढून टाकत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १११६ आणि 'मुश्रा' या प्रमाणित चाचणीपद्धतींतही मूळ आवाज असाच दडवलेला असतो. सप्टेंबर २०१२ मध्ये 'ऑप्युस' या कोडेकला इंटरनेटच्या प्रमाणीकरण संस्थेची मान्यता मिळाली, तेव्हा त्याच्या बाजूने मांडलेल्या श्रवणचाचण्यांच्या संकलनात विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या चाचण्यांबरोबर २०११ साली स्वयंसेवकांनी घेतलेली, सेकंदाला ६४ किलोबिट या दराची जाहीर चाचणीही होती. व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवणारा मराठी माणूस रोज जो कोडेक वापरतो, त्याची पारख काही अंशी अशा बिनपगारी कानांनी केलेली आहे.

हौशी माणसाला जे जमत नाही, तेही सांगितले पाहिजे. स्पीकरची न्याय्य तुलना हे त्याचे ठळक उदाहरण. स्पीकर एक हात इकडे-तिकडे सरकला तरी खोलीत खर्जाचा आवाज बदलतो, म्हणून दोन स्पीकर शेजारी ठेवून केलेली तुलना मुळातच सदोष असते; कॅलिफोर्नियात हार्मनने उभारलेल्या खोलीत यंत्रणा काही सेकंदांत एक स्पीकर मागे नेऊन दुसरा अचूक त्याच जागी आणते आणि हे सारे पडद्याआड घडते. तिथल्या एका मालिकेत २६८ श्रोत्यांनी भाग घेतला आणि प्रशिक्षित व अप्रशिक्षित श्रोत्यांची पसंती जवळपास एकाच क्रमाने लागली, फक्त प्रशिक्षितांचे निवाडे अधिक सुसंगत होते. एवढी यंत्रणा मंडळाच्या वर्गणीतून उभी राहत नाही. पण उलटही विसरता कामा नये: स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी नामांकित व्हायोलिने आणि नवी व्हायोलिने यांची अंध तुलना करणारा, क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिननिर्माते जोसेफ कर्टिन यांचा गाजलेला प्रयोग २०१० साली इंडियानापोलिसमधल्या एका हॉटेलच्या खोलीत झाला होता, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून, आणि तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला.

भारताच्या ध्वनिशास्त्राचा आरंभच मुळी नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्यांनी केला. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे कोलकात्यात आणि अन्यत्र सरकारी वित्तखात्यात अधिकारी होते आणि कचेरीच्या वेळेबाहेर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये तारांच्या कंपनांवर काम करत. पुढे प्राध्यापक झाल्यावर १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह तबला आणि मृदंगावर जो निबंध लिहिला, त्याचा प्रश्न कानाने विचारला होता: इतर चर्मवाद्यांच्या मानाने या वाद्यांचा नाद सुरेल का लागतो? उत्तर मात्र मोजमापाने दिले गेले, की शाईच्या थरामुळे पुडीची कंपने एकमेकांच्या पूर्णांकी पटीत येतात. कानाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि उत्तराची जबाबदारी दुसऱ्या साधनावर, ही वाटणी रामन यांनी पक्की पाळली.

महाराष्ट्रातले समांतर उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन स्वरांची गुणोत्तरे निश्चित करण्याचा प्रयत्न केला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी तो धागा पुढे नेऊन श्रुतींची पेटी बनवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय गाजला, पण मतैक्य झाले नाही; विष्णू नारायण भातखंडे, जे स्वतः शिक्षणाने वकील होते, या मांडणीच्या विरोधात होते. देवलांचे धाडस आजही कौतुकास्पद वाटते, कारण ग्रंथप्रामाण्याच्या त्या काळात गळ्याला आणि तारेला साक्षीला बोलावणे ही मोठी गोष्ट होती. अडचण अशी की कोणता अपूर्णांक यायला हवा हे आधीच माहीत होते, आणि ज्याचा स्वर मोजायचा तो गायकही त्या प्रकल्पाचा भागीदार होता. शेजारच्या दोन श्रुतींमधले सर्वांत लहान अंतर ८१/८० या गुणोत्तराचे, म्हणजे सप्तकाचे १,२०० भाग केल्यास सुमारे २२ भागांचे असते. सप्तकाचे असे भाग पाडून स्वर मोजण्याची रीत १८८५ साली अलेक्झांडर एलिस यांनी घालून दिली, आणि आपला कान कच्चा आहे हे जाणून त्यांनी स्वरपारखीचे काम अल्फ्रेड हिपकिन्स यांच्यावर सोपवले होते. नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली ध्वनिमुद्रणे यंत्राने मोजली, तेव्हा एकाच रागातला एकच स्वर कलावंतागणिक आणि एकाच मैफलीतही श्रुतीएवढ्या अंतराने हलताना आढळला. बावीस श्रुतींचा सिद्धांत एवढ्याने निकालात निघत नाही, कारण गायक काय गातो आणि श्रोत्याला काय ओळखता येते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण दुसऱ्या प्रश्नावर शंभर वर्षे मते दिली गेली, फेऱ्या मोजल्या गेल्या नाहीत.

तेव्हा हौशी श्रवणप्रयोग विज्ञान ठरतात का, याचे उत्तर असे द्यावे लागते की बहुतेक ठरत नाहीत, काही निःसंशय ठरतात, आणि जे ठरत नाहीत ते हौशी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्यात पातळी जुळवलेली नसते, डोळे उघडे असतात आणि हरलेल्या फेऱ्या लिहिलेल्या नसतात. श्रुतींचा जुना प्रश्न या पद्धतीने हाताळायला आज प्रयोगशाळेची गरज नाही. तंबोऱ्याच्या साथीत एकच गांधार दोन वेळा, २२ भागांच्या अंतराने, संगणकावर तयार करता येतो. एबीएक्सचे सॉफ्टवेअर फुकट आहे. तयार कान पुण्यात, मिरजेत, धारवाडात आणि गोव्यात सहज सापडतील. गावोगावच्या संगीत मंडळांनी फेऱ्यांची संख्या आधी ठरवून, सर्व गुणपत्रिका जपून, अपयशासकट निकाल लिहून काढावेत, आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी ते निकाल छापायला चार पाने राखून ठेवावीत.